कातळावर भाजी लावायची तर वाफा उचला

अंगणात वीतभर खाली कातळ लागत असेल, तर भाजीसाठी पहारीने खणत बसू नका. आपल्या कोकणात वरच चढायचं. बांधकामातले उरलेले, फुटके चिरे (जांभ्या दगडाच्या विटा) लावून फूट-दीड फूट उंच गादीवाफा करा. रुंदी चार फुटांच्या आत ठेवा, म्हणजे दोन्हीकडून हात मध्यापर्यंत पोचतो, वाफ्यात पाय द्यावा लागत नाही.

खरं काम भरण्याचं. जांभी माती आम्ल. इथल्या पावसात तिच्यातले चुना, पालाश (पोटॅश) वाहून जातात आणि स्फुरदाला (फॉस्फरसला) लोह धरून ठेवतं, ते मुळांना मिळत नाही. नुसतं गोणीतलं खत टाकून भागत नाही. तळाला सुकं गवत, झावळ्यांचे तुकडे, त्यावर बांधावरच्या गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडिया झाडाचा) हिरवा पाला, मग माती आणि मुरलेलं शेणखत निम्मंनिम्मं. ताजं शेण नकोच, मुळं पोळतात, शिवाय हुमणीला, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीला, आमंत्रण. चुलीची राख थोडी भुरभुरा. चुना मात्र माती तपासल्याशिवाय घालू नका. शेजारी काहीही सांगोत! आंबा-काजूचा पाला कुजायला फार वेळ घेतो, तो वरून आच्छादनाला ठेवा.

भरणं एप्रिल-मेमध्ये उरका आणि प्रत्येक थरावर पाणी मारा, कोरडं कुजत नाही. जूनपर्यंत वाफा बराच खाली बसेल. तो बसणारच, वरून खत-माती घाला.

पावसाळ्यात भेंडी, काकडी, पडवळ. टोमॅटोचा हट्ट दिवाळीपर्यंत थांबवा. लाल माठ मात्र कडेने पेराच, महिन्याभरात भाजी मिळते.