डिंगोला 'रानकुत्रा' म्हणावं का?

ऑस्ट्रेलियावरच्या एका लेखाचं भाषांतर करणाऱ्या एकांची शंका आहे: 'डिंगो' या तिथल्या मोकळ्या हिंडणाऱ्या कुत्र्याला 'रानकुत्रा' लिहिलं तर चालेल का? आणि डिंगोचं अनेकवचन काय?

माझ्या मते 'रानकुत्रा' नको. ते नाव आपल्याकडे आधीच दुसऱ्याला देऊन झालंय. ताडोबा-मेळघाटात कुणी रानकुत्री दिसली म्हणालं, की ती तांबूस अंगाची, काळ्या झुपकेदार शेपटीची, शीळ घालत टोळीनं शिकार करणारी कोळसुंदी. कोळसुंद्याची प्रजातीच वेगळी. कुत्र्याशी त्याचा संकर होत नाही. डिंगोचा मात्र पाळीव कुत्र्याशी होतो. डिंगोचे पंजे आणि शेपटीचं टोक बहुधा पांढरं असतं, आणि तो भुंकतो कमी, हेल काढून रडतो जास्त.

शिवाय डिंगो मुळात रानातला नव्हेच. निदान तीन हजार वर्षांपूर्वी माणसांनी त्याला समुद्रापार ऑस्ट्रेलियात नेलं, आणि तिथं तो रानोमाळ झाला. शब्दाची गंमतही तीच. 'डिंगो' हा सिडनी परिसरातल्या मूळ रहिवाशांच्या धारुग भाषेतला शब्द. वॉटकिन टेंच या इंग्रज अधिकाऱ्यानं १७८९ साली तो छापला, तोही तिथल्या लोकांच्या एकमेव पाळीव प्राण्याचं नाव म्हणून! वस्तीत वावरणारा तो डिंगो. रानातल्याला 'वॉरिगल' हा वेगळा शब्द होता. इंग्रजीनं वस्तीतलं नाव उचललं आणि सगळ्यांनाच चिकटवलं. तिथल्या मूळ रहिवाशांच्या इतर भाषांत नावं अर्थातच निराळी. गारी बेटावर (जुनं नाव फ्रेझर) बुचुल्ला लोक त्याला 'वोंगारी' म्हणतात.

एका खाचखळग्यापासून भाषांतरकारानं जपावं. ऑस्ट्रेलियातल्या सरकारी कागदांत आणि मेंढपाळांच्या तोंडी 'वाइल्ड डॉग' येतो, त्यात डिंगो, मोकाट सुटलेली कुत्री आणि त्यांची मिश्र पिल्लावळ असं सगळंच मोडतं. मेंढ्या राखायला पाच हजारांवर किलोमीटर लांबीचं कुंपण घालणारा देश तो. विष घालायचं ते 'वाइल्ड डॉग'ला, असं म्हटलं की डिंगोचं नाव घ्यावं लागत नाही. अशा जागी 'जंगली कुत्री' लिहावं, परस्पर 'डिंगो' करू नये.

आता व्याकरण. 'फोटो'सारखं चालवा: एक डिंगो, दहा डिंगो, डिंगोला, डिंगोंनी. मादीसाठी 'डिंगो मादी' पुरे, 'डिंगीण' करण्याचा मोह आवरा. राहता राहिली शिवी. ऑस्ट्रेलियन माणूस दुसऱ्याला 'डिंगो' म्हणतो तेव्हा त्याला भेकड, दगाबाज म्हणायचं असतं. तिथं प्राणी ठेवायच्या भरीला पडू नका. कोल्हा घातलात तर नुसता धूर्तपणा येईल. सरळ 'पळपुटा' लिहा.