सगळ्या सिटी बस इलेक्ट्रिक केल्या तर प्रवासातलं कार्बन उत्सर्जन किती घटेल?

तुम्ही पुण्याबद्दल विचारलंय: पीएमपीएमएलच्या (शहराची बससेवा चालवणाऱ्या महामंडळाच्या) सगळ्या सीएनजी गाड्या काढून इलेक्ट्रिक आणल्या, तर प्रवासातला कार्बन निम्मा होईल का? नाही होणार. नुसतं इंधन बदलून आज फारसा फरक पडत नाही. हिशेब मांडतो, तुम्हीही ताडून बघा.

एक किलो सीएनजी जळाला की साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. 12 मीटरची बस शहरात किलोला तीनेक किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला 900 ग्रॅम. तेवढीच इलेक्ट्रिक बस एसीसकट किलोमीटरला 1.2 युनिटच्या आसपास वीज घेते. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची, युनिटमागे साधारण 0.72 किलो कार्बन डायऑक्साइड. चार्जिंगमध्ये वाया जाणारे दहा टक्के धरले की आकडा पुन्हा 900 ते 950 ग्रॅमवरच येतो. तरीही मी इलेक्ट्रिक बसच्याच बाजूचा आहे. रस्त्यावरचा धूर आणि आवाज लगेच कमी होतो, आणि सौर-पवन वीज वाढेल तशी तीच बस आपोआप स्वच्छ होत जाते. फक्त आगाराच्या छतावरच्या पॅनेलांवर सगळा ताफा चालेल असं धरू नका. रोज 200 किलोमीटर धावणाऱ्या बसला 240 युनिट लागतात, एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला चारेक युनिट देतं. म्हणजे एका बसमागे 60 किलोवॅट आणि जवळपास पाचशे चौरस मीटर जागा. बस उभी राहते ती जेमतेम तीस चौरस मीटरवर.

खरा फरक पडतो तो भारमानाने, म्हणजे गाडी सरासरी किती भरलेली असते त्याने. लिटरला 45 किलोमीटर देणारी स्कूटर किलोमीटरला सुमारे 50 ग्रॅम सोडते. 900 ला 50 ने भागा: बसमध्ये सरासरी अठरा माणसं असली, तर ती माणशी स्कूटरच्या बरोबरीला येते. चाळीस असली तर 22 ग्रॅम. शहरात 13 चं ॲव्हरेज देणाऱ्या कारमध्ये एकटा माणूस 175 ग्रॅमच्या पुढे असतो, त्यामुळे कारच्या तुलनेत बस पाच-सहा प्रवाशांतच जिंकते. पण पुणं दुचाकीवर चालतं, म्हणून अठरा हा आकडा लक्षात ठेवा. ही सरासरी दिवसभराची, परतीच्या रिकाम्या फेऱ्या आणि आगार ते पहिला थांबा हे डेड किलोमीटर धरून.

इथे एक चूक हमखास होते. रात्री साडेनऊच्या गाडीत आठच प्रवासी दिसतात म्हणून ती फेरी बंद केली जाते. कागदावर भारमान सुधारतं. पण रात्री परतायची सोय गेली की ते आठ जण सकाळीही स्कूटरनेच निघतात. एक फेरी वाचवून सकाळच्या भरलेल्या गाडीचे प्रवासी घालवले जातात.

स्कूटरवाला बसमध्ये येत नाही याचं मोठं कारण थांब्यावरची वाट बघणं. नव्या गाड्या न घेताही ती कमी करता येते. समजा मार्ग 12 किलोमीटरचा, वेग ताशी 12. जायला साठ मिनिटं, यायला साठ, दोन्ही टोकांना आठ-आठ मिनिटं विसावा: एकूण 136 मिनिटं. दर आठ मिनिटांनी गाडी हवी तर सतरा बस लागतात. वेग 15 वर नेला की फेरी 112 मिनिटांची होते आणि चौदा पुरतात. उरलेल्या तिघी त्याच मार्गावर ठेवल्या तर साडेसहा मिनिटांना एक गाडी. चालक-वाहकांचा खर्च तोच.

तेवढा वेग वाढवायला अख्ख्या रस्त्यावर वेगळी लेन असलीच पाहिजे असं नाही. गाडी अडकते त्या सिग्नलच्या आधीचे दोन-तीनशे मीटर मोकळे करा, थांबा सिग्नल ओलांडल्यावर ठेवा आणि त्याच्यापुढचं पार्किंग हटवा. थांब्यासाठी रस्त्याच्या कडेला खाच करू नका. खाचेत शिरलेल्या बसला परत वाहतुकीत कुणी घुसू देत नाही. 2006 मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी (बससाठी वेगळी लेन असलेली सेवा) सुरू झाली, तिला दोन गोष्टी नडल्या: लेनमध्ये इतर वाहनं शिरत राहिली आणि रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यापर्यंत चालत पोहोचणं अवघड होतं.

दुसरी अडचण, दोन गाड्या एकामागोमाग येणं. दहा मिनिटांच्या अंतराने सुटलेली गाडी तीन मिनिटं उशिरा आली की गर्दीच्या थांब्यावर वीसऐवजी सव्वीस जण असतात. चढायला माणशी तीन सेकंद धरले तर अठरा सेकंद जास्त. मागच्या गाडीला चौदाच मिळतात, तिचे अठरा सेकंद वाचतात. एकाच थांब्यावर अंतर 36 सेकंदांनी घटलं; असे सात-आठ थांबे झाले की दोघी एकमेकींना चिकटतात. पुढची खच्चून भरलेली, मागची रिकामी. उपाय मार्गाच्या मधल्या एखाद्या मोठ्या थांब्यावर: तिथल्या नियंत्रकाने जीपीएस बघून मागची गाडी दीड-दोन मिनिटं रोखून धरायची. वेळापत्रकही दिवसभर एकच नको. सकाळी नऊचा आणि दुपारी दोनचा धावण्याचा वेळ वेगळा असतो.

तुमच्या मार्गाचं तपासायचं असेल तर सकाळी साडेआठ ते साडेनऊ एका थांब्यावर उभे राहा, प्रत्येक गाडीची वेळ आणि आतली अंदाजे माणसं लिहा. पाच दिवस पुरेत. सोबत माहिती अधिकारात त्या मार्गाचं महिनावार भारमान, रद्द झालेल्या फेऱ्या, डेड किलोमीटर आणि ब्रेकडाऊन मागवा. रद्द फेऱ्यांचा रकाना आधी बघा.