मसाई मारातला तंबू नारोकला गेला

प्रश्न : आम्ही दोघं, मुलगा आणि सून ऑगस्टमध्ये केनियाला निघालो आहोत. मुंबईच्या एका पर्यटन कंपनीकडून ९ लाख ६० हजारांचं पॅकेज घेतलं, निम्मे पैसे जानेवारीत भरले. मसाई मारा अभयारण्याच्या आत नदीकाठच्या तंबूंत तीन रात्री, असं प्रवासपत्रिकेत छापलेलं आहे. आता ई-मेल आला : सीझनमुळे तंबू उपलब्ध नाहीत, मुक्काम नारोक गावातल्या हॉटेलात. नको म्हटलं तर ‘सीझनचं बुकिंग आहे, परतावा नाही’. करारात ‘वाद फक्त मुंबईत’ असं कलम आहे. ‘वाइल्डबीस्ट (कळपानं फिरणारी तिथली मोठी कुरंगं) नदी ओलांडताना हमखास दिसणार’ असंही त्यांच्या माणसानं व्हॉट्सअॅपवर लिहिलं होतं. काय करावं?
– एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी काय करायचं नाही ते सांगतो. त्या ई-मेलला ‘मग रद्द करा’ असं उत्तर देऊ नका. तुम्ही ‘रद्द’ लिहिलंत की कंपनी रद्दीकरणाचा तक्ता काढून पैसे कापायला मोकळी. नुसतं ‘ओके’ किंवा अंगठाही पाठवू नका, तो उद्या संमती म्हणून दाखवला जाईल. आजच लिहा : ‘मुक्कामातला बदल आम्हाला मान्य नाही. ठरलेला किंवा अभयारण्याच्या आतलाच त्याच दर्जाचा कॅम्प सात दिवसांत लेखी कळवा, अन्यथा करार तुम्ही मोडला असं समजून पूर्ण रक्कम परत मागू.’

वाइल्डबीस्टवर भांडू नका. कळप कोणत्या दिवशी मारा नदीत उतरतील हे तिथल्या मसाई गाइडलाही सांगता येत नाही, आणि ग्राहक आयोगाच्या सदस्यांना हे कळतं. ‘हमखास’चा तो संदेश जोडायचा, पण कंपनी कशी विकते याचा पुरावा म्हणून. तुमचा खटला उभा आहे तो तंबूवर.

त्यात दम आहे. अभयारण्यात फिरण्याची वेळ साधारण सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. नारोकहून गेटपर्यंतच गाडीनं दीड तास तरी जातो. म्हणजे सिंह-बिबटे हालचाल करतात ती पहाट आणि ती संध्याकाळ तुम्ही रस्त्यावर घालवणार. हा फरक चादरी-उशांचा नाही, सहलीच्या गाभ्याचा आहे, आणि तक्रारीत तो असाच तासांच्या हिशेबात मांडा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ही सेवेतली त्रुटी ठरते.

‘सीझन होता, आमच्या हातात नव्हतं’ हा बचाव टिकणारा नाही. जुलै ते ऑक्टोबर कोरडा हंगाम असतो, गवत खुरटतं, जनावरं पाण्याकाठी येतात आणि जगभरचे पर्यटक तिथं लोटतात, हे दरवर्षीचंच. मसाई माराचं प्रवेशशुल्कही २०२४ पासून परदेशी प्रौढांना जूनपर्यंत दिवसाला १०० डॉलर आणि जुलैपासून २०० डॉलर आहे. ज्या गर्दीच्या नावानं दर चढवले, तीच गर्दी अचानक आलेलं संकट कशी होईल?

‘परतावा नाही’ हे कलमही कंपनीला वाटतं तेवढं पोलादी नाही. करारात जप्तीची रक्कम लिहिलेली असली, तरी करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावंच लागतं. इथं तर करार मोडणारीच कंपनी आहे. केनियात कोणाला, कधी, किती पैसे पाठवले याच्या पावत्या मागा.

‘आम्ही नुसते एजंट, चूक तिकडच्या कॅम्पची’ हेही ऐकायला मिळेल. त्यासाठी बिल काढून बघा आणि तुमचा फॉर्म २६एएस (आयकर खात्याकडचं तुमच्या नावावरच्या कराचं विवरण) तपासा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस (ग्राहकाकडून घेऊन सरकारजमा करायचा कर) वसूल करतो तो पॅकेजचा विक्रेता. कंपनीनं तो घेतला असेल, तर आयकर खात्यापुढे विक्रेता आणि तुमच्यापुढे एजंट, अशी दोन तोंडं तिला ठेवता येणार नाहीत.

मुंबईच्या कलमाची धास्ती सोडा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे कोल्हापुरातच. भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्यानं शुल्क शून्य. मुदत दोन वर्षांची. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. वकिलाची सक्ती नाही (हे वकिलानं सांगायचं म्हणजे जरा जिवावर येतं). एक खाच मात्र लक्षात ठेवा : ‘करारच अन्यायकारक ठरवा’ ही मागणी जिल्हा आयोगापुढे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. म्हणून सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढ्यावरच थांबा.

निकाल तीन महिन्यांत लावावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तेवढ्यात क्वचितच लागतो. त्यामुळे आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळ कंपन्या तिथंच नरमतात. पैसे क्रेडिट कार्डावरून भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅकही (कार्डावरचा व्यवहार उलटवून पैसे परत) मागा, त्याची मुदत फार छोटी असते.

व्हॉट्सअॅपचे नुसते स्क्रीनशॉट ठेवू नका. पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करा आणि तो फोन इतक्यात विकू नका.

आणि पीतज्वराची लस चौघांनीही वेळेत घेऊन टाका. तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, आणि केनियाहून परतताना आपल्या विमानतळावर ते मागतात. कंपनीनं ऐनवेळी कॅम्प दिला तर जाता येईल, नाही दिला तर ‘ग्राहकाचीच तयारी नव्हती’ असं तिला म्हणता येणार नाही.