पोळ्याच्या आत ये

अंबाजोगाई

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोन पानं भरून लिहिलंस, फार बरं वाटलं. चार गावं, दोन तांडे, कौशल्य प्रशिक्षणाच्या तीस-तीसच्या तीन बॅचा आणि मार्चअखेर नव्वद जणांच्या हाताला काम लागलेलं दाखवायचं, असं सगळं तुझ्या एकटीच्या अंगावर पडलंय. आणि तू विचारलंस, “ताई, कोर्स कोणते घेऊ? शिवणकाम, ब्युटी पार्लर की मोबाइल दुरुस्ती?”

कोर्सचा कागद आठ दिवस बाजूला ठेव. तांड्यावर जा, कोणाच्या तरी ओट्यावर बस आणि एवढंच विचार की यंदा उचल कोणी घेतली, किती घेतली आणि कशासाठी घेतली. बाकी सगळं त्या उत्तरातून निघेल.

तू लातूर शहरात वाढलीस म्हणून सविस्तर सांगते. बीड, धारूर, वडवणी, केज या पट्ट्यातली माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात, ती कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, उन्हाळा तोंडावर आला की परततात. पण जाण्याचा निर्णय दिवाळीत होत नाही, तो पावसाळ्यातच झालेला असतो. बियाणं घ्यायचंय, लेकीचं लग्न निघालंय, सासऱ्याला दवाखान्यात ठेवलंय, अशा वेळी मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा माणूस, एकरकमी पैसे हातावर ठेवतो. ती उचल. ती घेतली की सहा महिन्यांची मेहनत आधीच विकलेली असते. आणि उचल मिळते कोयत्याला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. आता तू एखाद्या बाईला सांगितलंस की तीन महिने थांब, तुला शिकवते, तर तू फक्त तिला थांबवत नाहीस, कोयता मोडतेस. तिच्या नवऱ्याला अर्ध्या कोयत्याची उचल परत करावी लागते. ती हो म्हणेल, फॉर्मवर अंगठाही देईल आणि दिवाळीनंतर पहाटे तीनला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघून जाईल. तिच्यावर रागावू नकोस.

हे मला कळायला एक बॅच वाया जावी लागली. धारूर तालुक्यातल्या एका तांड्यावर आम्ही घरगुती वायरिंग आणि मोटार रिवाइंडिंगचा वर्ग सुरू केला होता. पैसे एका कंपनीचे. २०१३च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले, त्यानंतर आपल्याकडे असे बरेच प्रकल्प आले. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च. मंजुरी यायला पावसाळा गेला आणि आम्ही ऑक्टोबरात वर्ग उघडला. पहिल्या दिवशी तीस जण, सगळ्यांचे फोटो काढले, टी-शर्ट वाटले. दिवाळी झाली आणि वर्गात अकरा उरले. उरलेले ऊसतोडीला पश्चिमेकडे गेलेले. वरून फोन आला की संख्या तीस पाहिजे. मग तालुक्याच्या गावातली एकोणीस पोरं भरली, त्यातली निम्मी आधीच आयटीआय झालेली. अहवालात तीस लिहिलं गेलं. ‘वंचित समाजातील युवक’ असंही लिहिलं गेलं. त्या अहवालावर माझी सही आहे. ज्यांच्यासाठी तो पैसा आला होता, ते त्या वेळी कारखान्याच्या आवारात कोपीत, पाचटाच्या झोपडीत, राहत होते. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. तुला लिहिते आहे, कारण तुझ्यावरही तोच फोन येणार आहे.

पुढच्या खेपेला आम्ही वर्गाची तारीख तांड्यावर बसून ठरवली. अक्षय तृतीयेनंतर सुरू, पोळ्याच्या आत संपवायचा. उचलीचा पैसा पोळ्याच्या आगेमागे सगळ्यात जास्त फिरतो, म्हणून त्याआधी शिकणाऱ्याच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे, नाहीतर मुकादमाला नाही म्हणायची ताकद येणार कुठून? तांड्यावरच्या बचत गटांनी त्यांच्या ग्रामसंघातून, म्हणजे गटांच्या गावपातळीवरच्या संघातून, त्या घरांना बियाण्यापुरतं कर्ज दिलं. वर्गातल्या पोरांना शेवटच्या महिन्यात खऱ्या कामावर नेलं, घरकुलांच्या वायरिंगवर, रोजानं. त्या वर्षी सहा घरांनी उचल घेतली नाही. सहाच. पण त्या सहा घरांतली लेकरं वर्षभर एकाच शाळेत बसली. माझ्या लेखी ते नव्वद प्रमाणपत्रांपेक्षा मोठं आहे. कंपनीच्या माणसालाही आम्ही तांड्यावर नेऊन हे समजावलं आणि पुढच्या मंजुरीत त्यानं तारखा बदलून आणल्या. देणारा वाईट नसतो गं. त्याला आपलं पंचांग माहीत नसतं, ते सांगायचं काम आपलं.

आता कोर्स निवडण्याबद्दल. गावात काय विकलं जातं, याकडे बघ. तीस बायकांना एकाच गावात शिवणकाम शिकवलं, तर त्या एकमेकींचीच ब्लाउजं शिवणार का? तालुक्याला शाळेच्या गणवेशाचं काम मिळत असेल, गटानं एकत्र घ्यायची तयारी असेल, तर शिवणकाम जरूर घे. नसेल तर मशिनीवर वर्षभरात ज्वारीची पोती ठेवलेली दिसतील. मी पाहिलीत.

याउलट शेळी बघ. आपली उस्मानाबादी शेळी जवळपास प्रत्येक गरीब घरात आहे. काळी, काटक, बऱ्याचदा जुळी देणारी. आणि ती मरते कशानं? पहिला पाऊस पडतो, कोवळं गवत उगवतं, शेळ्या त्यावर तुटून पडतात आणि आंत्रविषारानं रात्रीत जातात. सकाळी दावणीला मेलेली शेळी म्हणजे त्या बाईचं बँकेतलं खातं रिकामं झालं. लस पावसाळ्याआधी टोचली तर हे टळतं, पण दवाखान्यातला एक डॉक्टर किती वाड्यांना पुरणार? म्हणून पशुसखी. उमेदनं, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानानं, आणि बऱ्याच संस्थांनी गावातल्याच बायकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली लसीकरण, जंतनिर्मूलन, चारा-पाण्याचा सल्ला असं शिकवलं. हे कौशल्य विकत घेणारं गिऱ्हाईक शेजारच्याच घरात असतं.

कळंबकडच्या एका पशुसखीबरोबर मी दोन दिवस फिरले होते. पहाटे साडेपाचला निघायची, शेळ्या चरायला सुटायच्या आत. खांद्याला बर्फ भरलेला लसीचा डबा, पिशवीत सुया, कापूस आणि एक खडू. शेळीला गुडघ्यात धरायची, मानेजवळची कातडी चिमटीत उचलायची, सुई आडवी घालायची, आणि टोचून झालं की पाठीवर खडूची रेघ, म्हणजे तीच शेळी पुन्हा हातात यायला नको. हे तिला शिकायला पंधरा दिवस लागले. दहा रुपये मागायला शिकायला वर्ष लागलं. गावाचं म्हणणं एकच, “संस्थेची बाई आहे, फुकटच देणार.” घरात सासूचं म्हणणं, “भावकीत पैसे मागतेस?” आमच्या पर्यवेक्षिकेनं तेव्हा फार चांगलं काम केलं. पहिले दोन महिने ती दर मंगळवारी तिच्याबरोबर दारोदार गेली आणि पैशाचं ती स्वतः बोलली. मग एका म्हातारीनं दहा रुपये नाहीत म्हणून शेरभर ज्वारी दिली. पशुसखीनं वहीत लिहिलं, ‘शेळ्या दोन, ज्वारी एक शेर.’ आमच्या मासिक फॉर्ममध्ये ज्वारीला रकानाच नव्हता. आम्ही तो घातला. पुढच्या महिन्यापासून त्या रकान्यात अंडी आली, शेवया आल्या, एकदा अर्धा दिवस खुरपणीही आली. तिची खरी कमाई किती, ते तेव्हा कुठे आम्हाला दिसलं.

म्हणून तुझ्या प्रकल्पाच्या खर्चात प्रशिक्षणापेक्षा नंतरच्या वर्षाला जास्त पैसे ठेव. वर्ग दीड महिन्याचा असेल तर मागे उभं राहायला बारा महिने लागतात. हे पैसे मिळवताना तुला भांडावं लागेल, कारण कागदावर ते ‘कर्मचारी खर्च’ म्हणून दिसतात आणि पहिली कात्री तिथेच लागते. सोडू नकोस. त्या पर्यवेक्षिकेचा मंगळवार कापला असता तर पशुसखी आज घरी बसलेली असती.

सगळं तुझ्याच संस्थेनं करायचं असंही मनात धरू नकोस. ज्याला स्वतःचा धंदा टाकायचाय आणि बँकेचं कर्ज लागणार आहे, त्याला आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, पाठव. १९८२ साली कर्नाटकात उजिरे इथे ही कल्पना सुरू झाली, आता जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांची अशी केंद्रं आहेत; राहणं-जेवण-शिकणं फुकट आणि प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा. शाळा अर्धवट सुटलेल्या किंवा कधीच न गेलेल्या बायकांसाठी जन शिक्षण संस्थान बघ. १९६७ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या वस्तीत, वरळीला, श्रमिक विद्यापीठ म्हणून ते सुरू झालं. २००० साली नाव बदललं. पैसा केंद्राचा, चालवणारी स्वयंसेवी संस्था, आणि दहावीच्या गुणपत्रिकेसाठी कोणी अडवत नाही. आपल्याकडची गरजू बाई बहुतेकदा त्या गुणपत्रिकेपाशीच अडकते.

वाळूजच्या कारखान्यांत पोरं नोकरीला पाठवायची असतील तर एकच गोष्ट सांभाळ. पहिला पगार हातात येईपर्यंत चाळीस दिवस जातात. तेवढे दिवस खोलीभाडं, मेस, कंपनीचे बूट, सगळं पोरानं कुठून आणायचं? हिंगोलीकडचा एक मुलगा पंचविसाव्या दिवशी परत आला. काम त्याला येत होतं, सुपरवायझरही खूश होता, पण खानावळवालीचे पैसे थकले होते आणि घरी सांगायची लाज वाटली. आम्ही त्याची नोंद ‘नोकरी सोडली’ अशी केली होती. त्यानंतर बजाजनगरमध्ये एक खोली भाड्यानं घेतली आणि संस्थेचा एक माणूस तिथे ठेवला. नवीन पोरांनी पहिला दीड महिना तिथेच राहायचं, पगार झाला की हप्त्यानं पैसे परत करायचे. मुलींसाठी अशी खोली नसेल तर पाठवूच नकोस. आईबापांना आधी खोली दाखव, मग नोकरी.

तू लिहिलंस की “आपण एवढ्याशा, व्यवस्था केवढी, काय बदलणार?” तुझ्या वयात मलाही असंच वाटायचं. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट मी लातूरला अनुभवली आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर हजारो घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं, शासनाची मदत हप्त्यानं यायची आणि घरमालकाला काही कळत नव्हतं, कोपऱ्यात काय घालायचं, भिंत कशी बांधून घ्यायची. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं गावातल्या महिला मंडळांतल्या बायकांना पुढे आणलं. त्यांना संवाद सहायक म्हणत. कधी उंबरा न ओलांडलेल्या बायका इंजिनिअरला विचारायला लागल्या, “इथं सळई किती लागंल?” घरं झाली, पण त्या बायका पुन्हा उंबऱ्याआड बसल्या नाहीत. बचत गट उभे राहिले, पुढे दुष्काळात त्याच भागातल्या बायकांनी घरच्या शेतातला एकेक एकर मागून घेतला आणि त्यावर खाण्याची पिकं घेतली, डाळी, भाज्या, थोडं पाणी, शेणखत. २०१७ साली, लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्याच्या पुढच्याच वर्षी, या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्या बायकांना कोणी ‘नेतृत्व विकास’ शिकवलं नव्हतं. समोर पडलेलं घर होतं, त्यातून त्या शिकल्या. तुझ्या चार गावांतही असं काहीतरी पडलेलं असेल, बंद हातपंप असेल, दूध संकलनाचा घोळ असेल. तिथून सुरुवात केलीस तर बॅच गोळा करायला भोंगा लावून फिरावं लागणार नाही.

आमच्या अंबाजोगाईत १९८२ साली द्वारकादास लोहियांनी मानवलोक ही ग्रामविकासाची संस्था सुरू केली. त्यांच्या कार्यकर्त्यांकडून मी एक सवय उचलली, ती तूही लाव. गावात मुक्काम करायचा. दिवसा गाव कामावर असतं, आणि बायका खरं बोलतात ते रात्री भाकरी झाल्यावर, चुलीपाशी.

तर असं कर. तुझा वर्ग ऑक्टोबरात उघडायचा ठरलाय ना? ते पत्र अजून पाठवू नकोस. पोळ्याच्या आत दोन दिवस काढून ये. धारूरच्या घाटातून खाली उतरलं की त्या तांड्याचा फाटा लागतो. वायरिंग शिकलेल्या त्या सहांपैकी एकाचं आता फाट्यावर दुकान आहे, त्याची बायको मोटारीचं रिवाइंडिंग करते, बहुतेक त्याच्यापेक्षा सफाईनं. रात्री त्यांच्याकडेच राहू. त्यांना विचार, वर्ग कधी ठेवायचा ते. येताना कोरी वही आण आणि फॉर्म घरीच ठेव.

तुझी,
ताई