जाहिरातीतले ११,००० पौंड विसरा, दारावरचं स्टिकर वाचा

तुमचा प्रश्न असा: डेन्व्हरहून सॅक्रॅमेंटोला घर हलवतोय, पिकअपची टोइंग क्षमता ११,००० पौंड, भरलेला ट्रेलर ७,००० च्या आसपास, चौघंही त्याच गाडीत. मग काळजीचं कारण नाही ना?

आहे. ट्रेलर ओढायला इंजिन पुरेल, पण ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा भार हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडणीवर बसतो आणि तो तुमच्या ट्रकलाच पेलावा लागतो. हा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा, म्हणजे तुमच्या बाबतीत ७०० ते १,०५० पौंड. आता ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती चालेल ते लिहिलेलं असतं. समजा १,५०० आहे. त्यातून चौघांचे ५५० वजा केले, हिचवरचे ९०० वजा केले, की उरले ५०. पिकअपच्या मागच्या हौद्यात पुस्तकांचे दोन खोकेसुद्धा बसणार नाहीत.

म्हणून हिचवरचा भार कमी करायला जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सारलं, तर मात्र फार वाईट. शेपूट जड झालं की ट्रेलर डोलायला लागतो. साधारण ६० टक्के वजन ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) पुढे ठेवा, वॉशिंग मशीन, फ्रिज तळाला, आणि सगळं पट्ट्यांनी आवळून बांधा. तरीही डोलला, तर ब्रेकवर पाय मारू नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, आणि ब्रेक कंट्रोलरची (ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या, ड्रायव्हरजवळच्या यंत्राची) कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. गाडी बाजूला घेऊन सामान पुन्हा लावल्याशिवाय पुढे जाऊ नका, ही कळकळीची विनंती.

निघायच्या आधी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे गाड्यांच्या वजनकाट्यावर वजन करा. एकदा ट्रेलर जोडून, एकदा नुसत्या ट्रकचं, दोन्ही वेळा तेच चौघं आत बसलेले. ट्रकच्या दोन ॲक्सलांच्या बेरजेत जो फरक येईल, तो हिचवरचा भार. अंदाजाने चालवण्यापेक्षा थोडे डॉलर गेलेले परवडतात.

ट्रेलरचे टायर दिसायला नवे असले तरी कडेवरचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. इतके जुने असतील तर बदला. हवा टायर थंड असताना भरा.

रस्त्यात दोन जागा जपायच्या. वायोमिंगमध्ये आय-८० महामार्गावर लॅरमी ते रॉलिन्स, एल्क माउंटनजवळ वारा आडवा येतो. हलक्या, उंच गाड्यांना बंदीची पाटी लागली तर तिथेच मुक्काम करा. दुसरी डॉनर समिट, त्याच रस्त्यावरची कॅलिफोर्नियातली खिंड, ७,२३९ फूट. तिथून सॅक्रॅमेंटोपर्यंत उतारच उतार. आपल्याकडे घाटात सांगतात तसं, उतरताना सुरुवातीपासूनच खालचा गिअर ठेवा, टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग) चालू, ब्रेक अधूनमधून. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्यांना ताशी ५५ मैलांचीच मर्यादा आहे, मागचा कितीही हॉर्न वाजवो.