साडेतीन वर्षांची मुलगी पाळणाघरातून घरी आली की आदळआपट करते. समुपदेशकाकडे न्यावं का? (ठाणे)

न्या, पण तिथे खरं काम तुमच्यावरच होतं. या वयाच्या पोरांना समोर बसवून 'काय वाटतंय, बोल' असं कुणी विचारत नाही. 2 ते 7 वर्षांसाठी पीसीआयटी (पेरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी) नावाची पद्धत आहे, 1970च्या दशकात अमेरिकेत शीला आयबर्ग यांनी विकसित केलेली. आई-बाबा मुलाशी खेळतात आणि थेरपिस्ट काचेपलीकडून त्यांच्या कानात सूचना देतो. तशी काचेची खोली ठाण्यात शोधत बसू नका, या पद्धतीचा गृहपाठ तेवढा उचला: रोज 5 मिनिटं खेळ, प्रश्न नाही, हुकूम नाही, टीका नाही. ती ठोकळे रचतेय? 'लाल ठोकळा वर ठेवलास', बस्स. 'हा कुठला रंग?' म्हणालात की परीक्षा सुरू! (आपल्याला हेच सगळ्यात जड जातं.)

दिवसभर बाहेर शहाण्यासारखं वागलेलं मूल घरी येऊन फुटतं, यात नवल नाही. लोकलमधून उतरल्यावर तुम्हीही पिळून निघालेल्या असता. कुकर थोडा उशिरा लावा, आधी तिला मांडीवर घ्या.

झोप, कान, बोलणं एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट निवडताना आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी बेधडक विचारा. तोवर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन 14416 आहेच, मोफत आणि मराठीत.