गेरहार्ड रिष्टर हा अमूर्त चित्रकार नेमकं काय करतो? नुसते रंग फासल्यासारखे का वाटतात?

पहिल्या नजरेत तसं वाटतं खरं, पण ती चित्रं एकावर एक थर चढत तयार होतात. ओला तैलरंग कॅनव्हासवर लावायचा आणि चित्राइतक्या लांबीची सपाट पट्टी त्यावरून दाबत ओढायची. वरचा रंग पसरतो, कुठे खरवडला जातो, खालचा डोकावतो. काय उमटेल हे पूर्णपणे हातात नसतं. कुठे थांबायचं, हे मात्र रिष्टरच ठरवायचे (२०१७ मध्ये त्यांनी अशी चित्रं रंगवणं थांबवलं).

जन्म १९३२, ड्रेस्डेन. १९६१ मध्ये, बर्लिनची भिंत उभी राहण्याच्या थोडं आधी, ते पश्चिम जर्मनीत आले आणि ड्युसेलडॉर्फला पुन्हा कला शिकले. सुरुवातीची चित्रं फोटोंवरून काढलेली, मुद्दाम धूसर केलेली.

माझ्या मते त्यांना समजून घ्यायचं तर २०१४ ची ‘बिर्केनाउ’ ही चार चित्रं बघा. आउशवित्झ-बिर्केनाउ छळछावणीत कैद्यांनी जीव धोक्यात घालून गुपचूप काढलेले चार फोटो त्यांनी आधी कॅनव्हासवर उतरवले. मग थरावर थर देत ते पूर्ण झाकून टाकले. खाली काय आहे हे कळल्यावर ते काळे, करडे, लाल-हिरवे ओरखडे बघताना मला गलबलून येतं.

कोलोन कॅथेड्रलमधली २००७ ची त्यांची खिडकीही बघाच : ७२ रंगांचे सुमारे ११ हजार काचेचे चौकोन!